रंगहीन गाठीतलं टायरोसिनेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जीवरसायन, प्राणिशास्त्र किंवा पॅथॉलॉजी शिकणाऱ्या मुलामुलींकडून आणि अधूनमधून त्यांच्या मार्गदर्शकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय तसा अरुंद आहे: प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या आणि हॅमस्टरांच्या त्वचेतल्या, रंग नसलेल्या गाठी आणि त्यांतली एन्झाइमं, मुख्यतः त्वचेचं रंगद्रव्य बनवणारं टायरोसिनेज. पण गाठीचा रंग, जनुक, त्या जनुकाचं प्रथिन आणि त्या प्रथिनाचं प्रत्यक्ष काम या चार गोष्टींची इथे इतक्या सहज गल्लत होते की सविस्तर लिहिणं भाग पडलं.

रंगहीन गाठ म्हणजे नेमकी कोणती?

त्वचेतल्या बऱ्याच गाठींना मुळातच रंग नसतो. केराटिन बनवणाऱ्या पेशींपासून वाढलेला पॅपिलोमा (चामखिळीसारखी साधी गाठ) किंवा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (त्याच पेशींचा कॅन्सर) पांढुरका, गुलाबी दिसला तर त्यात नवल काही नाही. नवल वाटतं ते मेलॅनोमाच्या बाबतीत. मेलॅनोमा हा मेलॅनोसाइट पेशींचा, म्हणजे त्वचेचं काळं-तपकिरी रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तो काळा असणार असं आपण धरून चालतो. कापल्यावर आतून करडा किंवा मांसाच्या रंगाचा निघाला, तर त्याला अमेलॅनोटिक मेलॅनोमा म्हणतात. या पानावर मुख्यतः त्याचीच चर्चा आहे. पॅपिलोमासाठी पुढे एक स्वतंत्र प्रश्न आहे.

टायरोसिनेज नेमकं करतं काय?

वांगं चिरून तसंच ठेवलं तर काळं पडतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. तिथे काम करणारं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे टायरोसिनेजच्याच गोतावळ्यातलं. प्राण्यांमधलं टायरोसिनेज टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपा बनवतं आणि डोपापासून डोपाक्विनोन. डोपाक्विनोन तयार झालं की पुढच्या बऱ्याच पायऱ्या आपोआप होत जातात. मध्ये डोपाक्रोम हा नारिंगी-लाल पदार्थ येतो आणि शेवटी मेलॅनिन. या साखळीची मांडणी रेपर यांनी १९२० च्या दशकात केली आणि मेसन यांनी १९४० च्या दशकात ती पुढे नेली, म्हणून पाठ्यपुस्तकांत ती रेपर-मेसन मार्ग या नावाने येते.

एन्झाइमच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू असतात आणि प्रत्येक अणूला तीन हिस्टिडिन धरून ठेवतात. तांबं काढून घेतलं की एन्झाइम ठप्प. फिनाइलथायोयुरिया हे रसायन नेमकं तिथेच घाव घालतं. पुढे मोजणीच्या प्रश्नात ते लागणार आहे.

हे एन्झाइम सापडलं कधी?

अळंब्यांमध्ये १८९५ साली, बुर्केलो आणि बर्त्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञांना. सस्तन प्राण्यांच्या त्वचेत अशी काही क्रिया चालते हे स्विस त्वचारोगतज्ज्ञ ब्रूनो ब्लॉख यांनी १९१७ मध्ये दाखवलं. त्वचेचे पातळ छेद डोपाच्या द्रावणात ठेवले की मेलॅनोसाइट काळ्या होतात, हीच ती डोपा-अभिक्रिया. ती आजही वापरात आहे. होगबूम आणि अ‍ॅडम्स यांनी १९४२ मध्ये हे एन्झाइम उंदराच्या हार्डिंग-पॅसी मेलॅनोमामधून वेगळं केलं. १९४९ मध्ये लर्नर, फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी त्याच गाठीतून ते काढून त्याचे गुणधर्म तपशीलवार मांडले. म्हणजे सस्तन प्राण्यांच्या टायरोसिनेजबद्दलचं सुरुवातीचं बरंचसं ज्ञान उंदराच्या एका गाठीतून आलं आहे.

गाठीला रंग नाही म्हणजे टायरोसिनेज नाही, असं धरायचं का?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

डोळ्यांना दिसतं ते मेलॅनिन. मेलॅनिन हा साखळीचा शेवटचा, साठून राहणारा पदार्थ. टायरोसिनेज ही साखळीची सुरुवात. या दोन टोकांच्या मधे कुठेही अडलं तरी रंग दिसणार नाही, आणि प्रत्येक वेळी अडण्याची जागा निराळी असू शकते. जनुकच बंद असेल, म्हणजे एमआयटीएफ या नियंत्रक प्रथिनाचं काम मंदावलं असेल आणि टायरोसिनेजचा आरएनएच बनत नसेल. आरएनए बनत असेल पण प्रथिन पेशीच्या आत अडकून मोडलं जात असेल. प्रथिन योग्य जागी पोहोचलं असेल, पण तिथे इतकी आम्लता असेल की ते काम करू शकत नाही. त्याला तांबं मिळालं नसेल. किंवा सगळं जागेवर असून टायरोसिनचाच पुरवठा तुटपुंजा असेल.

उलटही घडतं. गाठीत पूर्वी तयार झालेलं मेलॅनिन शिल्लक असतं, ते मॅक्रोफेज या भक्षक पेशींनी गिळलेलं असतं, आणि एन्झाइम मात्र कधीच थंडावलेलं असतं. गाठ काळी आणि रीडिंग जेमतेम. त्यामुळे रंगावरून एन्झाइमचा अंदाज बांधणं दोन्ही बाजूंनी फसवं आहे. गाठ हातात आल्यावर पहिली नोंद रंगाची करावी, पण निष्कर्षाच्या रकान्यात ती जाऊ देऊ नये.

अभ्यासासाठी कोणकोणत्या प्राण्यांच्या गाठी वापरतात?

हार्डिंग-पॅसी ही सगळ्यात जुन्यांपैकी. १९२५ मध्ये एका तपकिरी उंदराच्या कानावर ती उगवली आणि एका उंदरातून दुसऱ्यात रोपत पुढे वाढवली गेली. क्लाउडमन एस९१ ही १९३७ मधली, डीबीए जातीच्या उंदरातली. तिची रंगहीन उपशाखाही निघाली. मेलॅनोसाइटला उत्तेजन देणारं एमएसएच हे संप्रेरक दिलं की टायरोसिनेज कसं वाढतं, याचं बरंच काम एस९१ पेशींवर झालं आहे. बी१६ ही १९५४ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत सी५७ ब्लॅक ६ या काळ्या उंदरात उद्भवली. आज आपल्याकडे सर्वाधिक वापरली जाते ती हीच. तिची बी१६-एफ१० ही फुफ्फुसात पसरणारी उपशाखा फिडलर यांनी १९७० च्या दशकात निवडून काढली.

रंगहीनतेच्या दृष्टीने सगळ्यात बोलकी गाठ मात्र उंदराची नसून सोनेरी हॅमस्टरची आहे. तिच्यासाठी वेगळं उत्तर हवं.

बोमिर्स्की यांच्या हॅमस्टरच्या गाठीत विशेष काय आहे?

पोलंडमधल्या ग्दान्स्क इथे आंद्झेइ बोमिर्स्की यांच्याकडच्या एका हॅमस्टरला १९५९ मध्ये आपोआप काळा मेलॅनोमा झाला. त्याला एमए हे नाव मिळालं. तो एका हॅमस्टरमधून दुसऱ्यात रोपत नेताना १९६३ मध्ये त्यातूनच एक रंगहीन गाठ निघाली, ती एबी. मूळ एकच, एक काळी आणि दुसरी रंगहीन. तुलना करायला याहून सोयीचं काय असणार! दोन वेगळ्या प्राण्यांमधल्या वेगळ्या गाठींची तुलना केली, तर दिसलेला फरक रंगाचा की वंशाचा, हे कळत नाही. इथे तो प्रश्न बराचसा सुटतो. रंगहीन एबी ही काळ्या एमएपेक्षा वेगाने वाढते, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

खरी गंमत पुढे आहे. स्लोमिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एबी गाठीच्या पेशी कल्चरमध्ये वाढवल्या. टायरोसिन कमी असलेल्या माध्यमात त्या रंगहीनच राहिल्या आणि टायरोसिनेजची क्रिया अगदी कमी होती. माध्यमात एल-टायरोसिन किंवा एल-डोपा वाढवला, तेव्हा टायरोसिनेजची क्रिया वाढली, मेलॅनोसोम, म्हणजे पेशीतले मेलॅनिन बनवणारे कप्पे, दिसू लागले आणि पेशी रंगल्या. नुसता कच्चा माल मिळाल्यामुळे जास्त मेलॅनिन बनलं, एवढाच याचा अर्थ नाही. रंग बनवण्याची यंत्रणाच उभी राहिली. टायरोसिन आणि डोपा हे कच्चा माल असतानाच पेशीला संदेशही देत असावेत, ही कल्पना या कामातून पुढे आली. मला स्वतःला हा या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो. रंगहीन दिसणारी पेशी रंग बनवण्याची क्षमता गमावून बसलेली असतेच असं नाही, हे त्याने डोळ्यांदेखत दाखवलं.

आमच्या लॅबमध्ये तीच सेल लाइन (पिढ्यान्‌पिढ्या कल्चरमध्ये वाढवलेल्या एकाच मूळच्या पेशी) एकीकडे काळी आणि दुसरीकडे पांढरी दिसते. दूषित झाली का?

आधी माध्यमाची बाटली बघा. हॅम्स एफ-१० मध्ये टायरोसिन सुमारे १० मायक्रोमोलर असतं, आरपीएमआय-१६४० मध्ये सुमारे ११० आणि डीएमईएममध्ये सुमारे ४००. म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात चाळीसपट फरक. बी१६ पेशी डीएमईएममध्ये जास्त काळ्या होतात, हा नेहमीचा अनुभव आहे. पेशी किती दाट वाढल्या आहेत, कितव्या पॅसेजला आहेत (किती वेळा नव्या भांड्यात हलवल्या), माध्यम शेवटचं कधी बदललं, यांचाही परिणाम होतो. ही नोंद वहीत नसेल तर दोन लॅबमधल्या रीडिंगची तुलना करू नका. हे सगळं तपासूनही कोडं सुटलं नाही, तर मात्र मायकोप्लाझ्माची, म्हणजे कल्चर दूषित करणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची, तपासणी आणि सेल लाइनची ओळख पटवणं आलंच.

पांढऱ्या उंदरात काळी गाठ रोपली तर ती पांढरी होते का?

होत नाही. गाठीच्या पेशी स्वतःचं टायरोसिनेज जनुक सोबत घेऊन येतात. पांढऱ्या न्यूड उंदरात (प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या, केस नसलेल्या जातीत) वाढवलेली बी१६ काळीच राहते.

उलट बाजू बघा. बाल्ब-सीसारख्या पांढऱ्या जातीच्या उंदराच्या स्वतःच्या मेलॅनोसाइटपासून मेलॅनोमा झाला तर तो रंगहीनच असणार, कारण जनुकातच दोष आहे. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांमध्ये टायरोसिनेजच्या साखळीत १०३ व्या जागी सिस्टिनऐवजी सेरीन येतं. एवढ्या एका बदलाने प्रथिनाची घडी बिघडते आणि एन्झाइम निकामी होतं. म्हणून गाठ कुठल्या जातीच्या उंदरात उगवली आणि कुठल्या जातीत वाढवली, या दोन्ही गोष्टी लिहायला हव्यात. पुष्कळ जण दुसरीच लिहितात.

एन्झाइम आहे पण काम करत नाही, असं कसं होतं?

टायरोसिनेज हे पटलात रुतलेलं आणि साखरेच्या साखळ्या जडवलेलं प्रथिन आहे. ते एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये बनतं, तिथे त्याची घडी बसते, मग ते गॉल्जीमार्गे मेलॅनोसोमकडे जातं. घडी नीट बसली नाही तर पेशी त्याला पुढे सोडत नाही. रूथ हलाबान यांच्या गटाने १९९७ मध्ये मानवी रंगहीन मेलॅनोमाच्या पेशींमध्ये दाखवलं की टायरोसिनेज बनतं, पण रेटिक्युलममध्येच अडकून राहतं आणि प्रोटिएसोम, म्हणजे नको असलेली प्रथिनं मोडणारी पेशीतली यंत्रणा, त्याचा लवकर फडशा पाडते. वर सांगितलेल्या पांढऱ्या उंदराच्या दोषी टायरोसिनेजचंही असंच होतं. जनुकात दोष असताना आणि जनुक धड असताना, दोन्हीकडे शेवट सारखाच झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरं कारण आम्लतेचं. सस्तन प्राण्यांचं टायरोसिनेज ६.८ च्या आसपासच्या पीएचला उत्तम चालतं आणि ५ च्या जवळ फार मंदावतं. पेशीतल्या कप्प्यांमध्ये प्रोटॉन ढकलणारा पंप जास्त चालला की आतली आम्लता वाढते. बॅफिलोमायसिनसारख्या पदार्थाने हा पंप थांबवल्यावर काही रंगहीन मेलॅनोमा पेशींमधली टायरोसिनेजची क्रिया परत येते, असं प्रयोगांत दिसलं आहे.

तिसरं तांब्याचं. एटीपी७ए हा तांबं वाहून नेणारा पंप बिघडला तर टायरोसिनेज तांब्याविना राहतं. प्रथिन असतं, अँटिबॉडीला दिसतं, पण ते निष्क्रिय असतं.

आता या सगळ्याचा मोजणीवर होणारा परिणाम. गाठ वाटून होमोजिनेट केलं, ६.८ पीएचच्या बफरमध्ये टाकलं, भरपूर डोपा दिला आणि रीडिंग घेतलं, तर तुम्ही पेशीतली आम्लता पुसून टाकली, कप्प्यांच्या भिंती पाडल्या आणि कच्च्या मालाची टंचाईही मिटवली. मिळालेला आकडा सांगतो की हे एन्झाइम अनुकूल परिस्थितीत किती काम करू शकतं. गाठीत ते किती करत होतं, हे तो आकडा सांगत नाही. रंगहीन गाठीच्या होमोजिनेटमध्ये चांगली क्रिया सापडली म्हणून गोंधळून जाणाऱ्यांनी आधी हा मुद्दा तपासावा. पेशीतलं खरं काम बघायचं असेल तर जिवंत, न फोडलेल्या पेशींना ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं टायरोसिन देऊन मोजणी करावी लागते.

क्रिया मोजायची कशी?

साधी पद्धत डोपा-ऑक्सिडेजची. टिश्यू बर्फावर बारीक करून फॉस्फेट बफर आणि १ टक्का ट्रायटन एक्स-१०० मध्ये होमोजिनेट करायचं. ट्रायटन वगळू नका. एन्झाइम पटलात रुतलेलं असतं. डिटर्जंट नसेल तर ते गाळासोबत तळाशी जातं आणि तुम्ही वरचं पाणी मोजत बसता. सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवात ताजा एल-डोपा घालायचा, ३७ अंश सेल्सिअसला ठेवायचं आणि ४७५ नॅनोमीटरला डोपाक्रोम किती वाढतं ते ठरावीक अंतराने बघायचं. डोपाक्रोमचा शोषणांक दर मोलर दर सेंटिमीटर सुमारे ३६०० ते ३७०० धरतात. सुरुवातीच्या सरळ रेषेचा उतारच घ्या, कारण डोपाक्रोम पुढे बदलत जातं आणि उशिराचं एकच रीडिंग दिशाभूल करतं.

रंगहीन गाठींमध्ये क्रिया बहुधा कमी असते, त्यामुळे ही पद्धत अपुरी पडू शकते. एमबीटीएच हे रसायन डोपाक्विनोनला पकडून गुलाबी पदार्थ बनवतं, तो ५०५ नॅनोमीटरला मोजतात. ही पद्धत बरीच जास्त संवेदनशील आहे. त्याहून काटेकोर पद्धत पोमेरान्ट्झ यांची, १९६० च्या दशकातली. टायरोसिनच्या वलयावर ट्रिशियम बसवलेलं असतं, एन्झाइम काम करतं तसं ते सुटून पाण्यात जातं, आणि ते पाणी मोजतात. ती पहिली पायरी, म्हणजे टायरोसिनचं हायड्रॉक्सिलेशन, थेट पकडते. या पायरीला सुरू व्हायला वेळ लागतो आणि किंचित डोपा असला की तो वेळ कमी होतो, म्हणून तिथे डोपाचा अंश मुद्दाम घालतात. किरणोत्सारी पदार्थ हाताळायची परवानगी आणि सोय असलेल्या प्रयोगशाळेतच हे करता येतं.

नमुना थोडा असेल तर झायमोग्रॅम करा. नमुना न उकळता आणि मरकॅप्टोइथेनॉल न घालता जेल चालवायचं आणि मग ते डोपामध्ये बुडवायचं. एन्झाइम जिथे असेल तिथे काळा पट्टा उठतो. आकडा नेमका मिळत नाही, पण क्रिया खरंच टायरोसिनेजच्या आकाराच्या प्रथिनाची आहे का, हे दिसतं.

रीडिंग आलं, पण ते टायरोसिनेजचंच कशावरून?

शंका रास्त आहे. डोपा नुसत्या हवेनेही काळा पडतो आणि पीएच ७ च्या वर गेला की लवकर पडतो. पेरॉक्सिडेज हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने डोपाचं ऑक्सिडेशन करतं, आणि गाठीत घुसलेल्या न्यूट्रोफिलांमध्ये पेरॉक्सिडेज भरपूर असतं. रक्ताळलेल्या गाठीतलं हिमोग्लोबिनही तसंच वागतं, शिवाय त्याचा स्वतःचा रंग रीडिंगमध्ये मिसळतो.

म्हणून किमान एवढे नमुने समांतर हवेत: एन्झाइमविना डोपा, उकळलेलं होमोजिनेट, फिनाइलथायोयुरिया घातलेलं होमोजिनेट, आणि पेरॉक्साइड संपवण्यासाठी कॅटालेज घातलेलं होमोजिनेट. फिनाइलथायोयुरियाने रीडिंग पडलं आणि कॅटालेजने पडलं नाही, तर टायरोसिनेजवर विश्वास ठेवायला हरकत नाही. फिनाइलथायोयुरिया विषारी आहे. हातमोजे घालूनच वजन करा.

आणि रीडिंग शून्य आलं तर?

चाचणी चालते आहे ना, हे बी१६ च्या होमोजिनेटवर आधी तपासा. मग दोन्ही होमोजिनेट समप्रमाणात मिसळून मोजा. मिश्रणाचं रीडिंग अपेक्षेपेक्षा कमी आलं, तर रंगहीन गाठीत एन्झाइमला रोखणारं काहीतरी आहे. अपेक्षेइतकं आलं, तर एन्झाइमच कमी आहे. हा छोटासा प्रयोग फार कमी जण करतात, आणि तो न करता लिहिलेलं शून्य मला मान्य होत नाही.

गाठीचा मधला भाग बऱ्याचदा मेलेला असतो. तुकडा काठाकडून घ्या आणि शेजारच्या तुकड्याची स्लाइड करून ठेवा.

स्लाइडवर क्रिया दिसते का?

डोपा-अभिक्रियेने दिसते, पण त्यासाठी फ्रोझन सेक्शन किंवा अगदी थोडा वेळ फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेली टिश्यू लागते. पॅराफिनच्या नेहमीच्या ब्लॉकमध्ये एन्झाइम मेलेलं असतं. फोंटाना-मॅसन रंगणी मेलॅनिन दाखवते. टायरोसिनेजची अँटिबॉडी प्रथिन दाखवते, मग ते कामाचं असो वा बिनकामाचं. एस-१०० आणि सॉक्स१० पेशीचा वंश सांगतात. चार रंगण्या चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. अँटिबॉडीचा डाग दाखवून ‘एन्झाइमची क्रिया आढळली’ असं लिहिलेलं वाचलं की वाईट वाटतं, कारण बाकीचं काम अनेकदा मनापासून केलेलं असतं.

अळंबीचं टायरोसिनेज विकत मिळतं. त्यावरच प्रयोग केला तर?

प्रात्यक्षिकासाठी जरूर करा. पण त्यावरून सस्तन प्राण्यांच्या गाठीबद्दल काही ठरवू नका. अळंबीचं एन्झाइम पाण्यात विरघळणारं, चार उपघटकांचं. आपलं पटलात रुतलेलं आणि साखर जडवलेलं. कोजिक आम्लासारखे रोधक अळंबीच्या एन्झाइमला जितके रोखतात तितके मानवी एन्झाइमला रोखत नाहीत. त्वचा उजळवणाऱ्या क्रीमचे किती तरी दावे या फरकाकडे काणाडोळा करून केलेले असतात.

टायरोसिनेजशिवाय आणखी कुठली एन्झाइमं बघावीत?

मेलॅनोमा असेल तर टायरोसिनेजच्या कुटुंबातलीच दोन, टीआरपी-१ आणि डोपाक्रोम टॉटोमरेज. दुसरं कधीकधी टायरोसिनेज नसतानाही सापडतं, आणि मग गाठ मेलॅनोसाइट वंशाचीच आहे याचा तो चांगला पुरावा ठरतो. ग्लुटाथायॉनशी निगडित एन्झाइमंही महत्त्वाची, कारण डोपाक्विनोनला सिस्टिन मिळालं की काळ्याऐवजी तांबूस-पिवळं फिओमेलॅनिन बनतं.

पॅपिलोमामध्ये काय मोजतात?

तिथे नायक वेगळा: ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेज, म्हणजे पेशींच्या वाढीला लागणारी पॉलिअमाइन्स बनवण्यातलं एन्झाइम. उंदराच्या त्वचेवर डीएमबीए या कॅन्सरजनक रसायनाचा एक डोस आणि नंतर गाठीच्या वाढीला चालना देणारं टीपीए पुन्हा पुन्हा लावून पॅपिलोमा उठवण्याची दोन टप्प्यांची पद्धत जुनी आहे. टीपीए एकदा लावल्यावर ४ ते ५ तासांत या एन्झाइमची क्रिया शेकडो पटींनी वाढून शिखरावर जाते आणि मग उतरते, हे ओब्रायन आणि बाउटवेल यांच्या गटाने १९७५ मध्ये मांडलं. तयार झालेल्या पॅपिलोमामध्ये मात्र ती टीपीए न लावताही चढलेलीच राहते. या एन्झाइमचं आयुष्य मिनिटांत मोजावं इतकं कमी असल्यामुळे नमुना कुठल्या तासाला घेतला हे लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ उरत नाही. डीएफएमओ या औषधाने ते कायमचं निकामी करता येतं आणि उंदरांमध्ये पॅपिलोमाही कमी होतात.

रंगहीन गाठ कमी घातक असते का?

असं धरू नका. हॅमस्टरमधली एबी वेगाने वाढते हे वर आलंच. माणसांत रंगहीन मेलॅनोमा साधी गाठ किंवा न भरणारी जखम समजून दुर्लक्षिला जातो आणि निदान उशिरा होतं. आपल्याकडे मेलॅनोमा मुळात कमी, पण होतो तेव्हा तळपाय, तळहात, नखाखालची जागा इथे अधिक दिसतो. पायाच्या तळव्यावरची वाढती, रक्त येणारी, न भरणारी गाठ काळी नसली तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. घरगुती लेप लावत बसू नका.

कोड आणि रंगहीन गाठ यांचा काही संबंध आहे का?

कोड म्हणजे गाठ नव्हे, कॅन्सर नव्हे आणि संसर्गजन्यही नव्हे. कोडात शरीराचीच प्रतिकारशक्ती मेलॅनोसाइट पेशी नष्ट करते, म्हणजे रंग बनवणारी पेशीच तिथे उरत नाही. रंगहीन मेलॅनोमात पेशी असते आणि बेसुमार वाढत असते, फक्त रंग बनवत नाही. कोड असलेल्या माणसाच्या मनात या पानामुळे भीती बसू नये, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

पुण्यात हा प्रोजेक्ट करायचा तर सुरुवात कुठून करावी?

पेशींपासून. विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस आहे. तिथल्या पेशीसंग्रहातून देशभरच्या संशोधन संस्थांना सेल लाइन मिळतात, बी१६-एफ१० त्यांत आहे. अर्ज विद्यार्थ्याच्या नावाने न जाता संस्थेमार्फत, मार्गदर्शकांच्या सहीने जातो. माध्यम बदलून, बॅफिलोमायसिन देऊन, झायमोग्रॅम करून वर लिहिलेल्यातलं बरंच काही एकाही प्राण्याला हात न लावता शिकता येतं, आणि एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला ते पुरेसं असतं.

प्राण्यांवर काम करायचं असेल तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम लागू होतात. संस्थेची नोंदणी हवी, प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी, आणि गाठ किती वाढल्यावर प्राण्याला वेदनामुक्त मरण द्यायचं हे प्रस्तावातच ठरवलेलं हवं. गाठ मोठी झाली की जास्त टिश्यू मिळेल हा विचार क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगीही, कारण वाढलेला मधला भाग मेलेलाच असतो. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन सूत्रं, म्हणजे पर्याय शोधणं, संख्या कमी करणं आणि त्रास कमी करणं, प्रस्ताव लिहिताना समोर ठेवा.

नमुना एका संस्थेतून दुसरीकडे न्यायचा आहे. बर्फ पुरेल?

एप्रिल-मेमध्ये पाषाणहून पुणे स्टेशनकडे दुपारी निघालात आणि विद्यापीठ चौकात अडकलात, तर साध्या बर्फाचं पाणी होतं. काढलेला तुकडा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, ड्राय आइस भरलेल्या थर्माकोलच्या डब्यातून न्या आणि उणे ८० अंशांना ठेवा. आधीच छोटे छोटे भाग करून ठेवा, म्हणजे एकच नमुना पुन्हा पुन्हा वितळवावा लागत नाही. डबा गाडीत हवाबंद करू नका. ड्राय आइसचा वायू बाहेर पडायला जागा हवी.

अहवालात निकाल कसा लिहावा?

दर मिलिग्रॅम प्रथिनामागे दर मिनिटाला किती नॅनोमोल, असं लिहा. तापमान, पीएच आणि डोपाचं प्रमाण सोबत द्या. रंगद्रव्य प्रथिनाच्या मोजणीत ढवळाढवळ करतं, म्हणून काळ्या आणि रंगहीन गाठींची तुलना करताना प्रथिन कुठल्या पद्धतीने मोजलं तेही सांगा. काहीच सापडलं नाही तर ‘क्रिया नाही’ असं न लिहिता तुमच्या चाचणीला कमीत कमी किती क्रिया ओळखता येते तो आकडा काढा आणि ‘त्यापेक्षा कमी’ असं लिहा.